३,५८४ कोअरची दोन कार्डे

एनव्हिडियाचे जीटीएक्स १०८० टीआय हे ग्राफिक्स कार्ड मार्च २०१७ मध्ये बाजारात आले आणि आरटीएक्स ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये. दोघांत चार वर्षांचे अंतर, मधे एक अख्खी पिढी होऊन गेलेली. तरी दोघांच्या माहितीपत्रकातला एक आकडा तंतोतंत सारखा आहे. दोन्ही कार्डांवर ३,५८४ कोअर आहेत. हा योगायोगच, पण जुन्या-नव्याची तुलना करणाऱ्याला तो फार उपयोगी पडतो. एरवी नव्या कार्डात सगळेच एकदम बदललेले असते आणि फरक नेमका कशामुळे पडला हे सांगणे अवघड जाते. इथे एक बाजू स्थिर आहे, त्यामुळे बाकीच्या बाजूंचे वजन करता येते. हे वजन केले की ‘नवे कार्ड जुन्यापेक्षा किती पट वेगवान?’ या नेहमीच्या प्रश्नातच खोट आहे असे माझे मत बनते. कार्डाची कामगिरी तीन वेगवेगळ्या गोष्टींवर उभी असते. ते गणित किती करू शकते, त्या गणिताला लागणारी माहिती त्याच्यापर्यंत किती वेगाने पोचते, आणि कोणत्या प्रकारची कामे त्याला मुळात येतात. नव्या पिढीत या तिन्ही गोष्टी एका प्रमाणात वाढत नाहीत. एखादी तर कमीही होते.

आधी गणिताची ताकद पाहू, कारण जाहिरातीत तिचाच आकडा पुढे असतो. तो काढण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक कोअर घड्याळाच्या दर ठोक्याला एक गुणाकार आणि एक बेरीज करतो, म्हणजे दोन क्रिया. त्यांना कोअरच्या संख्येने आणि ठोक्यांच्या वेगाने गुणायचे. १०८० टीआयचा जाहीर कमाल वेग १,५८२ मेगाहर्ट्झ, म्हणून त्याचे सुमारे ११.३ टेराफ्लॉप होतात. ३०६० चा वेग १,७७७ मेगाहर्ट्झ, त्याचे सुमारे १२.७. कागदावर नवे कार्ड बारा टक्क्यांनी पुढे. प्रत्यक्षात मात्र त्या काळातल्या नेहमीच्या गेम्स, म्हणजे रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवणे) वगैरे नसलेल्या, दोन्ही कार्डांवर त्याच सेटिंगवर चालवल्या तर बहुतेक ठिकाणी जुने कार्ड बरोबरीत किंवा थोडे पुढे राहते. यातला थोडा भाग घड्याळाचा आहे. १०८० टीआयच्या पास्कल पिढीची कार्डे पुरेशी थंड राहिली की जाहीर आकड्यापेक्षा बऱ्याच वरच्या वेगाने पळत, त्यामुळे गणितातली आघाडी कागदावर दिसते तेवढी नव्हतीच.

उरलेले उत्तर मेमरीत सापडते. १०८० टीआयची मेमरीकडे जाणारी वाट ३५२ बिट रुंद आहे आणि तिच्यातून सेकंदाला ४८४ गिगाबाइट माहिती वाहते. ३०६० ची वाट १९२ बिटांची, तिची क्षमता ३६० गिगाबाइट. तयार झालेला पिक्सेल शेवटी मेमरीत लिहिणारे जे विभाग असतात, ज्यांना आरओपी म्हणतात, ते जुन्या कार्डात ८८ आहेत आणि नव्यात ४८. पंगतीला आचारी कितीही असोत, वाढपी कमी पडले की पाने रिकामीच राहतात. टेराफ्लॉप हा आकडा फक्त आचाऱ्यांची मोजदाद करतो. म्हणून दोन वेगळ्या पिढ्यांतल्या, दोन वेगळ्या रचनांच्या कार्डांची तुलना टेराफ्लॉपवरून करणे मला चूक वाटते, आणि ही चूक अजूनही सर्रास होते.

मग चार वर्षांत प्रगती झालीच नाही काय? झाली, पण ती वेगाच्या रकान्यात शोधली तर सापडणार नाही. १०८० टीआयची जाहीर किंमत ६९९ डॉलर होती, ३०६० ची ३२९. जुने कार्ड २५० वॉट खाते, नवे १७० वॉट. जवळपास तेच काम निम्म्याहून कमी किमतीत आणि दोनतृतीयांश विजेत होऊ लागले, ही प्रगती लहान नाही. विजेचा फरक घरच्या मीटरवर मांडून पाहता येतो. रोज चार तास दोन्ही कार्डे पूर्ण ताकदीने चालली तर ८० वॉटच्या फरकाने वर्षाला सुमारे ११७ युनिट वाचतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वापरलेले १०८० टीआय शोधणाऱ्याने ही युनिटे कार्डाच्या किमतीत मिळवून मगच भाव करावा, आणि सोबत आपल्या संगणकाचा पॉवर सप्लाय हा भार पेलेल का तेही पाहावे. याच्या उलट बाजूचा मुद्दाही खरा आहे. २०२१ मध्ये चिपचा तुटवडा आणि क्रिप्टोचलनाची खोदाई यांमुळे ३२९ डॉलर हा भाव बहुतेक काळ कागदावरच राहिला. जाहीर किमतीवर बेतलेली कोणतीही तुलना त्या वर्षापुरती तरी जपूनच वाचावी लागते.

वेगापुरते पाहिले तर आतापर्यंत पारडे जुन्या कार्डाकडे झुकलेले दिसते. तिसरी बाजू मांडली की ते उलटते. २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून एनव्हिडियाने गेमिंग कार्डांच्या चिपवर दोन नवे विभाग घातले. एक प्रकाशकिरण कोणत्या पृष्ठभागावर आदळतो हे शोधणारा, दुसरा न्यूरल नेटवर्कचे गणित करणारा. १०८० टीआयमध्ये दोन्ही नाहीत. एप्रिल २०१९ मध्ये ड्रायव्हर बदलून जुन्या कार्डांना रे ट्रेसिंगची परवानगी दिली गेली. काम चालले, पण इतके हळू की ती सोय प्रात्यक्षिकापुरतीच उरली. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ॲलन वेक २ या गेमने मेश शेडर नावाची, वस्तूंचे त्रिकोण हाताळण्याची नवी पद्धत गृहीत धरली होती. पास्कल कार्डांना ती येत नाही. परिणामी, कागदावर ताकदवान असलेले १०८० टीआय तिथे आपल्यापेक्षा कमकुवत समजल्या जाणाऱ्या कार्डांच्याही मागे पडले. मार्च २०२४ मधल्या एका सुधारणेनंतर त्याची स्थिती बरीच बरी झाली. डिसेंबर २०२४ च्या इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल या गेमने तर रे ट्रेसिंगचे हार्डवेअर सक्तीचेच केले. तिथे प्रश्न किती फ्रेम मिळतात असा राहिलाच नाही. ब्लेंडरमध्ये त्रिमिती दृश्ये रेंडर करणाऱ्याचा अनुभवही तसाच. किरण शोधणारे विभाग तिथे थेट कामाला लागतात आणि ३०६०, गेम्समध्ये बरोबरीला असणाऱ्या त्याच १०८० टीआयला फार मागे टाकते. कार्डे तीच दोन, काम बदलले आणि निकाल फिरला.

यावर एक सरळ आक्षेप येतो. कामानुसार निकाल बदलत असेल तर वीसपंचवीस गेम्स घ्याव्यात, सरासरी काढावी आणि वाद मिटवावा. चाचण्या करणारे हेच करतात आणि खरेदीला निघालेल्या माणसाला त्या सरासरीचा उपयोगही होतो. मी ती टाकाऊ मानत नाही. पण सरासरी दोन ठिकाणी तोकडी पडते. जी गेम कार्डावर सुरूच होत नाही तिचा आकडा सरासरीत येत नाही. ती यादीतून वगळली जाते आणि जुने कार्ड आहे त्याहून बरे दिसते. दुसरी अडचण अशी की सरासरी एका तारखेची असते. एएमडीचे रेडिऑन एचडी ७९७० जानेवारी २०१२ मध्ये आले आणि मार्चमध्ये एनव्हिडियाच्या जीटीएक्स ६८० ने त्याला थोड्या फरकाने मागे टाकले. पुढच्या काही वर्षांत हा क्रम उलटला. ७९७० वर ३ जीबी मेमरी होती, ६८० वर २. मेमरीचा वेगही ७९७० चा २६४ गिगाबाइट आणि ६८० चा १९२. नोव्हेंबर २०१३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोन्ही कन्सोलमध्ये ७९७० च्याच घराण्याची ग्राफिक्स रचना होती, त्यामुळे गेम बनवणारे आपोआप त्या रचनेला सोयीचे लिहू लागले. सोबत एएमडीचे ड्रायव्हरही सुधारत गेले. धातूत काहीही न बदलता कार्डाची जागा बदलली. मार्च २०१२ ची सरासरी तेव्हा चुकीची नव्हती, पण चार वर्षे कार्ड वापरणाऱ्याला तिने निम्मीच गोष्ट सांगितली.

मेमरीची वाट अरुंद होणे हा ३०६० पुरता अपवाद नव्हता. डिसेंबर २०२० चे आरटीएक्स ३०६० टीआय आणि मे २०२३ चे आरटीएक्स ४०६० टीआय शेजारी ठेवा. जाहीर किंमत दोघांची ३९९ डॉलर, मेमरी दोघांची ८ जीबी. टेराफ्लॉप सुमारे १६ वरून २२ वर गेले, म्हणजे एकतृतीयांशाहून जास्त वाढ. मेमरीची वाट मात्र २५६ बिटांवरून १२८ बिटांवर आली आणि वेग ४४८ वरून २८८ गिगाबाइटवर. या घटीची भरपाई म्हणून चिपवरचीच छोटी, जवळची मेमरी, म्हणजे एल२ कॅश, ४ मेगाबाइटवरून ३२ मेगाबाइट केली गेली. यामागे कारखान्यातले खरे कारण आहे. ट्रान्झिस्टर लहान करण्याच्या नव्या प्रक्रियेत गणिताचे विभाग चांगले आक्रसतात, पण बाहेरच्या मेमरीशी बोलणारे विभाग फारसे आक्रसत नाहीत; ते चिपच्या कडेला महागडी जागा अडवतात आणि वीजही खातात. एएमडीने २०२० च्या आरएक्स ६००० मालिकेत, ६८०० एक्सटीवर १२८ मेगाबाइटची इन्फिनिटी कॅश देऊन, हाच मार्ग आधी धरला होता. त्यामुळे रुंदी कमी केली म्हणजे ग्राहकाला फसवले, हा नेहमी ऐकू येणारा आरोप जसाच्या तसा मला पटत नाही. कॅश खरोखर काम करते. पण तिला मर्यादा आहे. १०८०पी रेझोल्यूशनला पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, ४के ला जवळपास ८३ लाख. चित्राचा पसारा चौपट झाला की लागणारी माहिती कॅशमध्ये मावत नाही आणि पुन्हा त्या अरुंद वाटेवर यावे लागते. मोजमापात नेमके हेच उमटले. १०८०पी ला नवे कार्ड साधारण दहा टक्क्यांच्या आसपास पुढे, ४के ला ही आघाडी जवळपास पुसलेली, आणि काही गेम्समध्ये जुनेच पुढे. विजेत मात्र २०० वॉटवरून १६० वॉट, ही घट सगळीकडे खरी.

मेमरीचा वेग ही एक बाब, तिचे आकारमान ही दुसरी. मार्च २०२३ मध्ये द लास्ट ऑफ अस पार्ट १ संगणकावर आली तेव्हा वरच्या प्रतीचे टेक्स्चर लावल्यावर ८ जीबीची कार्डे अडखळू लागली. लागणारी माहिती कार्डावर मावेना, म्हणून ती संगणकाच्या मुख्य मेमरीतून पुन्हा पुन्हा आणावी लागे. अशा ठिकाणी १२ जीबीचे ३०६० आपल्याहून गणितात बरेच बलवान असलेल्या ८ जीबीच्या कार्डांपेक्षा सुरळीत चालू शकते. हा फरक सरासरी फ्रेमसंख्येत पुरता दिसत नाही. सेकंदाला सरासरी ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद, हे झाले कागदावर. त्याच सेकंदात एक फ्रेम २०० मिलिसेकंद अडकली आणि बाकीच्या पटापट आल्या तरी सरासरी तीच येते, डोळ्याला मात्र झटका जाणवतो. अमेरिकेतील टेक रिपोर्ट या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये सेकंदाच्या आत शिरून एकेका फ्रेमचा वेळ मोजण्याची पद्धत मांडली आणि या क्षेत्राची मोजण्याची सवयच बदलली. आज सरासरीशेजारी जो ‘एक टक्का नीचांक’, म्हणजे सर्वांत हळू एक टक्का फ्रेमचा वेग, छापतात तो त्याच विचाराचा वारसा. जुने कार्ड बदलायचे की नाही हे ठरवताना मी आधी हा आकडा पाहावा असे म्हणेन.

नावांबद्दल थोडक्यात. २०१८ मध्ये जीटी १०३० हे नाव तसेच ठेवून त्यावर जीडीडीआर५ ऐवजी डीडीआर४ मेमरी बसवलेली आवृत्ती आली. मेमरीचा वेग ४८ गिगाबाइटवरून १६.८ वर घसरला आणि कामगिरी अनेक गेम्समध्ये निम्म्यावर आली. जीटीएक्स १०६० च्या ३ जीबी आणि ६ जीबी आवृत्त्यांत फक्त मेमरीचा फरक आहे असे नावावरून वाटते, पण पहिल्यात १,१५२ कोअर आहेत आणि दुसऱ्यात १,२८०. नावातल्या आकड्यावरून पिढी कळते, त्यापलीकडे त्यावर विसंबू नये.

आता सर्वांत वादाचा भाग. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या मंचावरून एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी सांगितले की ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० हे ४०९० ची कामगिरी देईल. ४०९० ची जाहीर किंमत १,५९९ डॉलर, त्यावर १६,३८४ कोअर, २४ जीबी मेमरी, १,००८ गिगाबाइटचा वेग. ५०७० वर ६,१४४ कोअर, १२ जीबी, ६७२ गिगाबाइट. ही बरोबरी साधते ती फ्रेम जनरेशनच्या जोरावर. नवे कार्ड एक फ्रेम खरोखर रंगवते आणि तिच्या जोडीला तीन फ्रेम न्यूरल नेटवर्कने बेतते. ४०९० ला अशी एकच फ्रेम बेतता येते. ही सोय बंद केली तर ५०७० साधारण ४०७० सुपरच्या आसपास उतरते आणि ४०९० फार पुढे राहते.

या फ्रेम खोट्या आहेत असे म्हणून अनेक जण विषय संपवतात. मला ते म्हणणे अपुरे वाटते आणि त्याला दिले जाणारे उत्तरही विचार करण्याजोगे आहे. संगणकावरचे सगळेच चित्र अंदाजावर उभे असते. सावल्या, प्रतिबिंबे, दूरच्या वस्तूंचे तपशील, यांतले काहीही निसर्गात असते तसे मोजलेले नसते. मग एक अंदाज खरा आणि दुसरा खोटा कसा? हा प्रतिवाद मी चित्राच्या बाबतीत मान्य करतो. चित्र डोळ्याला पटले तर ते कसे बनले याने बिघडत नाही. पण गेममध्ये चित्राखेरीज आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे हाताने दिलेल्या आज्ञेला मिळणारा प्रतिसाद. कार्ड सेकंदाला ३० फ्रेम रंगवत असेल तर गेम तुमचे बटण दर ३३ मिलिसेकंदांनी एकदाच विचारात घेते. मधे तीन फ्रेम बेतून पडद्यावर १२० दाखवल्या तरी ते ३३ मिलिसेकंद तसेच राहतात. उलट दोन खऱ्या फ्रेममधले चित्र बेतण्यासाठी पुढची खरी फ्रेम क्षणभर रोखावी लागते, म्हणून विलंब थोडा वाढतोच. एनव्हिडियाच्या डीएलएसएस या तंत्रसंचातल्या अपस्केलिंगचे तसे नाही. तिथे चित्र लहान रंगवून मोठे केले जाते, खऱ्या फ्रेम लवकर तयार होतात आणि प्रतिसादही सुधारतो. दोन्ही तंत्रे एकाच नावाखाली विकली जातात म्हणून त्यांची बेरीज करणे मला मान्य नाही. अपस्केलिंगचा लाभ चित्राची प्रत तपासून कामगिरीत धरावा. बेतलेल्या फ्रेमचा आकडा निराळ्या रकान्यात असावा, आणि त्याच्या शेजारी मूळ फ्रेमसंख्या छापलेली असावी. मूळ ७०-८० फ्रेम असतील तर वेगवान पडद्यावर या तंत्राने चित्र खरोखर सुखद होते. मूळ २५ असतील तर दाखवलेल्या १०० मध्ये तुमचा हात २५ वरच असतो.

कार्डाभोवतीचा संगणकही हिशेबात घ्यावा लागतो, कारण जुन्या-नव्याचा प्रश्न ज्याला पडतो त्याच्याकडे सहसा संगणकही जुनाच असतो. जानेवारी २०२२ चे एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त गटातले होते, पण मदरबोर्डशी ते फक्त चार पीसीआय मार्गिकांनी जोडलेले आणि मेमरी ४ जीबी. चौथ्या पिढीचे पीसीआय असलेल्या मदरबोर्डवर ते निभावे. तिसऱ्या पिढीच्या जुन्या मदरबोर्डवर तेच मार्ग निम्म्या वेगाचे होतात आणि मेमरी भरली की कार्ड कोलमडते. अशा संगणकावर त्याच्याहून कित्येक वर्षे आधीचे आरएक्स ५८० बऱ्याच गेम्समध्ये सरस ठरले. डिसेंबर २०२४ च्या इंटेल आर्क बी५८० मध्येही हाच धडा दुसऱ्या रूपात आहे. चाचण्यांत, म्हणजे वेगवान प्रोसेसरसोबत, २४९ डॉलरचे हे १२ जीबीचे कार्ड फार चांगले दिसले. जुन्या प्रोसेसरसोबत मात्र त्याच्या ड्रायव्हरचा भार प्रोसेसरला पेलवेना आणि आघाडी वितळली. चाचणी करणारे सर्वांत वेगवान प्रोसेसर लावतात, आणि कार्डाची स्वतःची ताकद मोजायची तर ते योग्यच आहे. वाचणाऱ्याने आपला प्रोसेसर कोणता हे मनात धरून ते आकडे वाचायचे असतात.

एवढे मान्य करूनही कोणी म्हणेल की निदान जुन्या गेम्ससाठी नवे कार्ड निःशंक चांगले असणार. वीस वर्षांपूर्वीचे काम आजच्या चिपला काय जड? पण २०२५ च्या सुरुवातीला आरटीएक्स ५० मालिकेत ३२-बिट कूडाचा, म्हणजे कार्डावर सर्वसाधारण गणित चालवणाऱ्या एनव्हिडियाच्या प्रणालीचा, आधार काढून टाकला गेला आणि त्यासोबत वस्तूंच्या हालचालींचे गणित करणारे ३२-बिट फिजएक्सही गेले. मिरर्स एज, बॉर्डरलँड्स २, बॅटमॅन आर्कम सिटी अशा गेम्समधला धूर, फुटणाऱ्या काचा, उडणारे कापड यांचे गणित कार्डाऐवजी प्रोसेसरवर येऊन पडले. ते परिणाम चालू ठेवले की सर्वांत महागडे ५०९० देखील काही दृश्यांत कित्येक पिढ्या जुन्या कार्डांच्या मागे पडे. डिसेंबर २०२५ च्या ड्रायव्हरने अशा नऊ गेम्ससाठी ही सोय परत दिली. त्याआधी दोनच महिने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, पास्कल कार्डांसाठीचे नियमित गेम ड्रायव्हर थांबले; १०८० टीआयला आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील. त्याचे ४८४ गिगाबाइट आणि ८८ आरओपी तेव्हाही जागेवरच असतील, पण नव्या गेम्सनुसार त्यांना जुळवून घेणारे कोणी नसेल.